दामूभाऊंचा दगडी चेहरा

"आता दामूची तपासणी," असं म्हणून दामूभाऊ मांडी ठोकत, तेव्हा समजायचं की रविवारचा डाव संपला. पत्ते गोळा झालेले असत, चिंचोके डब्यात परत गेलेले असत आणि हरलेले-जिंकलेले सगळे चहाची वाट बघत असत. दामूभाऊ मात्र ओट्यावरच्या चटईवर ताठ बसून स्वतःबद्दल बोलायला लागत, तेही एखाद्या तिऱ्हाइताबद्दल बोलावं तसं.

"दामूच्या भक्कम बाजू दोन. पैली, चेहरा. हातात काय हाय ते दामूच्या चेहऱ्यावरून ब्रह्मदेवाला कळायचं नाय. नुस्ता दगड. दुसरी, धीर. आनि कच्ची बाजू म्हनाल तर आठवन. कोनी कुठलं पान टाकलं ते दामूच्या ध्यानात ऱ्हात नाय. त्यावर मेहनत घेतली पायजे."

बागेत केळीच्या बुंध्याशी उभं राहून कुठला मुनवा, म्हणजे नवा कोंब, ठेवायचा नि कुठला छाटायचा हे ते ज्या गांभीर्यानं ठरवत, त्याच गांभीर्यानं ही तपासणी चाले. बाकीचे माना डोलवत. यातला एक शब्दही खरा नव्हता. त्यांची आठवण इतकी दांडगी होती की मागल्या दिवाळीत कुणाच्या हातात किलवरची नव्वी अडकून पडली होती ते सांगत. धीर म्हणाल तर पानं उचलायच्या आधीच त्यांचे चिंचोके निम्मे पुढे सरकलेले असत. आणि चेहरा? त्या चेहऱ्याची गोष्ट सांगायलाच तर मी बसले आहे.

मी आगाशीला मुलींच्या शाळेत नोकरीला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. दामूभाऊंच्या घराची बागेकडची खोली मला भाड्यानं मिळाली. ते बागाईतदार. मागे केळी, पानवेली, विहिरीवर रहाट, आणि रहाटाला जुंपलेला रेडा, ज्याच्याशी दामूभाऊ दिवसभर गप्पा मारत. अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले. हसायला लागले की आधी खांदे हलत, मग पोट, आणि आवाज सगळ्यात शेवटी येई. मला ते 'बाई' म्हणत आणि मी त्यांना भाऊ म्हणे. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमाला पोकर येतं?" मला वाटलं ही एखादी भाजी असावी.

पोकर गावात आणलं बस्त्यावनं. बस्त्याव म्हणजे दामूभाऊंचा शेजारी; दोघांच्या बागा एकाच विहिरीवर भिजत. युद्धाच्या काळात तो मालवाहू आगबोटीवर आचारी होता. परत आला तो एक पत्र्याची ट्रंक, पत्त्यांचा जोड आणि हा खेळ घेऊन. गावात तोवर लाडीस नि मेंढीकोट. बस्त्यावनं समजावून सांगितलं: प्रत्येकाला पाच पानं, नको असलेली टाकून नवी घ्यायची, मग चिंचोके पुढे लावत जायचे. समोरच्यानं घाबरून पानं टाकली की हातात काही नसलं तरी डाव तुमचा. दामूभाऊ खूश झाले. "म्हंजे अर्धा खेळ पत्त्यांचा नि अर्धा थापेचा? मग तर हा आपलाच खेळ." रविवारी सकाळी बस्त्याव चर्चला जाऊन येई, दामूभाऊ देवपूजा उरकत, आणि जेवणं झाली की दोघं ओट्यावर चटई टाकत. गावातले आणखी एक-दोघे येऊन बसत. पैसा लावायचा नाही हा वहिनींचा, म्हणजे दामूभाऊंच्या बायकोचा, कायदा, म्हणून चिंचोके.

मी आत, दाराच्या उंबऱ्याशी वहिनींबरोबर तांदूळ निवडत बसे. त्या जागेवरून ओट्यावरचं सगळं दिसे. पहिल्याच रविवारी वहिनी एकदम सूप खाली ठेवून उठल्या, फळीवरची बशी काढली आणि तिच्यात सुकेळी मांडू लागल्या. आमच्याकडे पेणला सुकेळी नसतात, म्हणून मी निरखून बघत होते. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून केळीच्या बुंध्याच्या वाळक्या सोपटात बांधून ठेवतात. तपकिरी, चिकट आणि गोड. त्या दिवसांत साखर रेशनवर होती, त्यामुळे चहाबरोबर सुकेळ्याचा तुकडा म्हणजे चैन.

"कोण आलं का?" मी विचारलं.

"कोन नाय. आता हाक येईल बघा," वहिनी म्हणाल्या.

आणि आलीच. "अगं, ऐकलंस का? बस्त्यावला सुकेळी दे जरा. कधीचा बसलाय बिचारा."

वहिनी बशी देऊन परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हातात काय नाय त्यांच्या."

तेवढ्यात ओट्यावर बस्त्यावनं एक सुकेळं तोंडात टाकलं, आपले चिंचोके पुढे ढकलले, आणि दामूभाऊंचा डाव उघडा पडला. एक दुर्री, एक अठ्ठी, बाकी नुसता पालापाचोळा.

गोम अशी होती की दामूभाऊंना थाप मारायला आवडायचं, पण ती पचायची नाही. ओट्यावर बसलेला माणूस म्हणजे पाहुणा. पाहुण्याला आपण फसवतोय हे मनात आलं की त्यांचा जीव कासावीस होई, आणि काहीतरी खायला घातल्याशिवाय तो जागेवर येत नसे. पानं चांगली असली की मात्र ते मुके होत. कुणी पाणी मागितलं तरी कानावर जायचं नाही. एवढं साधं होतं. गावातल्या पोरासोरांना माहीत होतं, फक्त एका माणसाला नव्हतं.

हे पत्त्यांपुरतंच होतं असंही नाही. केळीचा व्यापारी लोंगर, म्हणजे घड, बघायला आला आणि दामूभाऊ म्हणाले, "माल एक नंबर," तर तो नुसता उभा राही. सुकेळी आली नाहीत तर माल खरंच एक नंबर. आली, तर तो खाऊन, हात धुऊन, सगळ्यात खालचे लोंगर उलटे करून बघे. शाळेत माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा एकमेकींना म्हणत, "ए, सुकेळी काढू नकोस," म्हणजे खोटं बोलू नकोस. मला हा वाक्प्रचार व्याकरणाच्या पुस्तकात कुठेच सापडला नाही.

"मला बघायला आले तेव्हा," वहिनी सांगायच्या, "मॅट्रिक पास हाय म्हनाले. घर आमचं, म्हंजे सुकेळी मागवायची सोय नाय. तर समोरची पोह्यांची ताटली माझ्या बापालाच सारखी पुढे करत व्हते. घ्या ना, घ्या ना. बाप आत येऊन बोलला, हा मुलगा नापास झालाय, पन मानूस लाखात एक. देऊन टाकू."

एकदा मी बस्त्यावला म्हटलं, कुणी त्यांना सांगत का नाही? बस्त्याव गंभीर झाला. "नको बाई. सांगितलं तर दामूचा खेळ सुधरेल का, ते मला म्हाईत नाय. पन सुकेळी बंद व्हतील येवढं नक्की." मग म्हणाला, "आनि येवढा खूश असतो तो त्या चेहऱ्यावर. कशाला हात लावायचा."

दामूभाऊंची एकुलती एक मुलगी सुमन. हुशार, आणि बापाच्या उलट. तिच्या चेहऱ्यावरून खरोखरच काही कळत नसे. मॅट्रिक झाल्यावर तिला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा दामूभाऊंनी रेड्याच्या गळ्यात हार घातला होता. तिचं पहिलं वर्ष संपत आलं असताना केळव्याचं स्थळ आलं. मुलगा मुंबईत नोकरीला, सुमनला पसंत, तिनं मला स्वतः तसं सांगितलंही. फक्त तिची एक अट होती, ट्रेनिंग पुरं झाल्यावर लग्न. दामूभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला: आधी सर्टिफिकेट, मग बोहलं. त्या वेळी सुकेळी मागवली नव्हती, म्हणजे शब्द पक्का होता.

अडचण मुलाच्या वडिलांची. आप्पा म्हणजे नीटनेटका, टोकदार मिशांचा, मुंबईला एका पेढीवर मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस. लग्नाची बोलणी करायला शनिवारी आले ते दोन दिवसांच्या मुक्कामाला. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न वैशाखात होतं, तर त्याच मांडवात हेही उरकून टाकू, असं त्यांच्या मनात. "शिकायचं काय ते लग्नानंतर बघू," ते म्हणाले. हे 'बघू' म्हणजे काय, ते आत उंबऱ्याशी बसलेल्या आम्हा तिघींना चांगलं माहीत होतं. सुमननं सुपातला एक खडा उचलला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.

दामूभाऊंनी नाही म्हणायला हवं होतं. पण समोर पाहुणा, त्यातून व्याही. त्यांनी पंचा काढून मान पुसली, रेड्याची चौकशी केली, हवापाण्यावर बोलले. 'नाही' काही ओठांवर येईना. शेवटी त्यांनी पत्ते काढले.

आप्पांना पोकर येत होतं. नुसतं येत नव्हतं, मुंबईच्या क्लबात मोठमोठ्या लोकांबरोबर खेळून ते तयार झाले होते. शनिवारची दुपार दोघं नि बस्त्याव खेळले. आप्पा कमी बोलत आणि जास्त बघत. बशी दोनदा आली, तिसऱ्यांदा आली, आणि मी आप्पांच्या मिशीचं टोक किंचित वर गेलेलं पाहिलं. रात्री जेवताना ते वहिनींना म्हणाले, "तुमच्याकडची सुकेळी फार बोलकी आहेत हं."

वहिनींच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. गावानं इतकी वर्षं जपलेली गोष्ट केळव्याच्या माणसानं एका दुपारीत ओळखली होती.

आणि नेमकं रविवारी सकाळी दामूभाऊ उत्साहानं लाल होऊन आत आले. "तोडगा निघाला. आप्पांशी बोललो. तारीख पत्त्यांवर ठरवायची. चिंचोके सारखे वाटून घ्यायचे. ज्याचे संपले तो हरला. ते जिंकले तर वैशाख, मी जिंकलो तर पुढच्या वर्षी. आप्पा लगेच हो बोलले."

"लगेच बोलनारच ते," वहिनी म्हणाल्या. "पोरीला डावावर लावता तुमी?"

"पोरीला नाय, तारखेला. आनि तू कशाला घाबरतेस? दामूचा चेहरा हाय ना."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी सुमनकडे पाहिलं. सांगावं तर आत्ताच सांगायला हवं होतं. वहिनींनी तोंड उघडलंही, पण सुमन मध्येच म्हणाली, "बाबा, तुम्ही खेळा. खायचं-प्यायचं मी बघते. आई थकलीय." वहिनी थकल्याबिकल्या नव्हत्या.

दुपारी ओट्यावर जागा उरली नाही. रविवारचे नेहमीचे सगळे, त्यांच्यामागे कुंपणाला टेकून आणखी काही. बस्त्याव पानं वाटायला. तो चर्चमधून थेट आला होता आणि दामूसाठी मेणबत्ती लावून आलो, असं मला कुजबुजला. खेळ सुरू झाला आणि व्हायचं तेच झालं. दामूभाऊ थाप मारत, "अगं, आप्पांना सुकेळी," म्हणत, सुमन बशी ठेवी, आणि आप्पा शांतपणे चिंचोके पुढे सरकवून डाव ओढून घेत. चांगली पानं आली की दामूभाऊ मुके होत, आणि आप्पा लगेच पानं टाकून मोकळे. हळूहळू हाक मारायचीही गरज उरली नाही. दामूभाऊंनी दाराकडे नुसती मान वळवली की सुमन बशी घेऊन हजर. दामूभाऊंसमोरचा ढीग मूठभर राहिला. बस्त्याव गळ्यातला क्रूस चाचपत होता. मी उंबऱ्याशी बसून नखं खात होते, जे मी वर्गात मुलींना करू देत नसे.

मग ती पानं आली. दामूभाऊंनी दोन पानं बदलून घेतली, उचलली, आणि सगळं अंग थिजल्यासारखं झालं. पंचा मांडीवर तसाच. कपाळावर माशी बसली, तिच्याकडेही लक्ष नाही. बस्त्याव म्हणाला, "दामू, पानी पायजे का?" उत्तर नाही. कुंपणापाशी कुणीतरी सुस्कारा सोडला, कारण सगळ्यांना कळलं: आता कुठे घबाड लागलंय, आणि आता आप्पा पानं टाकणार.

आप्पा त्या वेळी स्वतःची बदललेली पानं हातात लावून घेत होते. डोळे पानांत. माझ्या शेजारी सुमन उभी राहिली. तिनं बशी भरली, नेहमीपेक्षा जरा जास्तच, पदर खोचला आणि ओट्यावर गेली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी मान वळवली नव्हती. बशी तिनं आप्पांच्या गुडघ्याशी ठेवली आणि तशीच शांतपणे आत आली.

आप्पांनी मान वर केली तर समोर बशी. आणि दामूभाऊ, समोर खाणं दिसलं म्हणून केवळ सवयीनं म्हणाले, "घ्या आप्पा, घ्या."

आप्पांच्या मिशीची दोन्ही टोकं वर गेली. त्यांनी एक सुकेळं उचललं आणि दुसऱ्या हातानं मोठा ढीग पुढे सरकवला. दामूभाऊंनी आपली मूठ रिकामी केली. मग पानं उघडली. आप्पांची जोडी एक्क्यांची आणि जोडी राण्यांची, चांगला हात. दामूभाऊंचे तीन राजे आणि दोन दश्श्या. बस्त्याव याचं बोटीवर शिकलेलं काहीतरी इंग्रजी नाव घेई. दामूभाऊ 'भरलं घर' म्हणत, आणि त्यापुढे दोन जोड्या फिक्या.

तिथून खेळ फिरला. आप्पांना आता कळेचना की बशीवर विश्वास ठेवायचा की नाही. ती थापेला येई आणि खऱ्यालाही येई. सुमन आतबाहेर करत होती, चेहरा असा की साक्षात दगड. आप्पा बशीकडे बघत, मग पोरीकडे, मग पानांकडे, आणि चुकत. उन्हं रहाटावर उतरली तेव्हा त्यांच्या पुढ्यात सुकेळ्यांच्या सोपटांचा ढीग होता आणि चिंचोका एकही नव्हता.

कुंपणाशी जो आरडाओरडा झाला त्यानं रेडा बुजला आणि रहाट सोडून पानवेलीत शिरला. बस्त्यावनं दामूभाऊंना उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, मग दोघंही चटईवर बसून हसत सुटले. वहिनी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी शाळेची बाई आहे हे विसरून मीही टाळ्या वाजवत होते.

सुमनला मी आत गाठलं. "अगं, ही लबाडी नव्हे का?"

"पाहुण्याला खायला दिलं, बाई. त्यात लबाडी कसली?" ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिचा चेहरा फुटला. तोंडावर पदर धरून ती इतकी हसली की खाली बसली.

बाहेर दामूभाऊंची तपासणी सुरू झाली होती. "बघा आप्पा, खेळ तुमचा चांगला. पन दामूची भक्कम बाजू काय, तर चेहरा. तीन राजे हातात, पन तुमाला कळलं? पापनी हलली?"

सगळे आप्पांकडे बघत होते. आता हा माणूस एका वाक्यात सगळं उधळून देऊ शकत होता. हरलेला होता, आणि त्याला सुकेळ्यांचं गुपित माहीत होतं. आप्पांनी मिशी पुसली. दारात उभ्या सुमनकडे एकदा पाहिलं.

"नाही कळलं, दामूभाऊ," ते म्हणाले. "असा चेहरा मी मुंबईतही पाहिला नाही." आणि निघताना तिला म्हणाले, "सूनबाई, पुढल्या वर्षी येशील तेव्हा ती बशी घेऊनच ये." त्या क्षणापासून मला तो माणूस फार आवडायला लागला.

सुमनचं ट्रेनिंग झालं, लग्न झालं, ती शाळेत लागली. माझी बदली झाली आणि मी आगाशी सोडली. काही वर्षांनी बस्त्यावकडून निरोप आला की दामूभाऊ बरे नाहीत, जमलं तर येऊन जा. मी चैत्रातल्या एका दुपारी गेले. चटईच्या जागी ओट्यावर बाजलं होतं आणि त्यावर दामूभाऊ. सगळं भरलेपण गेलं होतं; सदरा कुणा दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता. शेजारी बस्त्याव उगाचच पत्ते पिसत बसला होता. मला पाहिल्यावर त्यांचे खांदे हलले, मग पोट, पण आवाज काही पोचला नाही.

"कसे आहात भाऊ?" मी विचारलं.

"ठनठनीत. डॉक्टर बोलला, पावसाआधी रहाटावर उभा करतो. आता नुस्ता आराम."

मग त्यांनी सावकाश, फार कष्टानं, दाराकडे मान वळवली.

"अगं, बाईंना सुकेळी दे."

बस्त्यावचे हात थांबले. वहिनी दारातच उभ्या होत्या, बशी भरून. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. मी एक सुकेळं तोंडात टाकलं. इतकं गोड सुकेळं मला कधी इतकं जड गेलं नव्हतं.

"खरं सांगा बाई," दामूभाऊ म्हणाले, "मी आजारी वाटतो?"

मी शाळेत मुलींना खोटं बोलू नका असं शिकवते. "भाऊ," मी म्हटलं, "तुमच्या चेहऱ्यावरून कधी कुणाला काही कळलंय का?"

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. "तीच तर दामूची भक्कम बाजू." मग पुन्हा डोळे उघडून म्हणाले, "पुढच्या चैत्रात या. सुमन येईल, आप्पांनाही बोलावू. मोठा डाव मांडू." आणि हात लांबवून बशी माझ्याकडे सरकवली. "घ्या ना. आनखी घ्या."

मी आणखी एक घेतलं.